गावकीबाहेरचा माणूस : धर्मत्यागाच्या प्रश्नाचा आढावा

एखाद्या मनुष्याचा ईश्वरावरील किंवा कुलधर्मावरील विश्वास ढळला म्हणजे तो नेमके काय सोडतो, या प्रश्नाचे उत्तर शहरातील अभ्यासिकेत शोधले तर ते बहुधा तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मिळेल. परंतु तोच प्रश्न नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांत, म्हणजे भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत विचारला, तर जत्रेची वर्गणी, पालखीपुढचा मान, आवणीच्या दिवसांत खाचरात उतरणारे भावकीचे हात, लेकीची सोयरीक आणि अखेर तिरडीला लागणारे चार खांदे अशा गोष्टींची यादी समोर येते. देवावर विश्वास आहे की नाही हे या मुलखात सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. नारळ फोडायच्या वेळी कोण हजर होता आणि कोण नव्हता, हे मात्र वर्षानुवर्षे सर्वांच्या ध्यानात राहते. गेल्या दोन शतकांतील मराठी मुलखाचा अनुभव या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा ज्यांना नवा विधी, नवे सोबती आणि नवी सोयरीक मिळाली त्यांचा धर्मत्याग टिकला, आणि ज्यांना यांपैकी काहीच मिळाले नाही त्यांच्या त्यागाची किंमत बहुतेक वेळा त्यांच्या घरातील बायकांनी भरली, असे माझे मत झाले.

हा मुलूख प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही मावळांची जुनी नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. १९४८ पर्यंत भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होती आणि तेथील राजवाड्यातला रामनवमीचा उत्सव हा दरबाराचा उत्सव होता. वेल्ह्याला आता राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला असला तरी माणसे अजून वेल्हेच म्हणतात. पाऊस मुसळधार, शेती भाताची, वस्ती वाड्या-वाड्यांनी विखुरलेली, आणि पोट भरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि बाजारांत गेलेला पुरुषवर्ग, अशी येथील रचना आहे. मुंबईला गेलेला मनुष्य तेथे गावाचे मंडळ काढतो, महिन्याची वर्गणी भरतो आणि चैत्र-वैशाखात जत्रेला परत येतो; त्याचे गावाशी असलेले नाते सात-बाराच्या उताऱ्याइतकेच त्या वर्गणीच्या वहीत नोंदलेले असते. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे येथे एकामागून एक झाली, गावे पाण्याखाली गेली आणि विस्थापित माणसांनी आपले देव बरोबर नेले. भाटघरच्या जलाशयात बुडालेले कांबऱ्याचे कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते, तेव्हा ते पाहायला माणसे लोटतात. ज्या लोकांचे गाव बुडाले तरी गावचा देव बुडत नाही, त्यांच्यात वाढलेल्या मनुष्याला देव सोडणे म्हणजे आपला ठावठिकाणा सोडण्यासारखे वाटले, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

जर्मनीसारख्या देशात धर्मत्याग हा एक नोंदणीचा व्यवहार आहे: मनुष्य न्यायालयात किंवा नोंदणी कचेरीत जातो, चर्चमधून बाहेर पडल्याचे निवेदन करतो आणि त्याच्या प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के इतका जो चर्चचा कर पगारातून कापला जात असे तो थांबतो. आपल्याकडे अशी वही कोणत्याही कचेरीत नाही. नाव काढून टाकायला जागा नाही, म्हणून कोणी औपचारिकपणे बाहेर पडत नाही. तो एका वर्षी वर्गणी देत नाही, दुसऱ्या वर्षी पालखीला खांदा देत नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या घरच्या लग्नाला भावकी येत नाही. या संथ तुटण्याला ना तारीख असते, ना दाखला.

धर्म म्हणजे पंगत आणि सोयरीक, हे आपल्या इतिहासाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. राजगड ही स्वराज्याची राजधानी असताना सरनौबतीवर असलेला नेतोजी पालकर पुढे मोगलांच्या हाती सापडला, १६६७ साली त्याचे धर्मांतर होऊन तो मुहम्मद कुलीखान झाला, वायव्येच्या मोहिमांवर पाठवला गेला, आणि सुमारे नऊ वर्षांनंतर १६७६ साली परत येऊन प्रायश्चित्तपूर्वक स्वधर्मात आला. फलटणच्या बजाजी निंबाळकरांची हकीकत त्याहून बोलकी आहे. त्यांना शुद्ध करून घेतल्यावरही समाज बिचकत होता, तेव्हा शिवाजी महाराजांनी आपली कन्या सखूबाई बजाजींच्या मुलाला दिली, असे परंपरा सांगते. मंत्रांनी जे काम पुरे झाले नाही ते सोयरिकीने झाले. परत येणाऱ्यालाही जिथे विधीपेक्षा बेटीव्यवहाराची अधिक गरज पडली, तिथे बाहेर जाणाऱ्याला काय गमवावे लागत असेल याची कल्पना करता येते.

एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट मुंबईत न्यायासनापुढे आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहिला. न्यायालयाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले, तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्या परंतु परधर्मीयांच्या घरी अन्नपाणी घेतलेल्या त्या पोराला जातीत घ्यावे की नाही, यावर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेतला आणि मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला. त्या मुलाने काय मानले होते, याची चौकशी कोणालाच अगत्याची वाटली नाही; त्याने काय खाल्ले, हाच वादाचा विषय होता. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा किंवा जातीतून काढलेल्याचा वारसाहक्क बुडू नये अशी तजवीज केली, आणि १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्याला त्याच्या जोडीदाराने सोडले तर विवाहबंधनातून मुक्त होण्याचा मार्ग काढून दिला. सरकारचा हात मालमत्तेपर्यंत आणि विवाहापर्यंत पोहोचला; चुलीपर्यंत तो पोहोचणे शक्य नव्हते.

चुलीपर्यंतची कथा जर कोणी लिहून ठेवली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनात जे मंथन झाले ते त्यांच्या काव्यात उतरले आहे आणि त्याची थोरवी मान्यच आहे. परंतु ज्या स्त्रीला त्या मंथनात कोणी विचारले नव्हते, जिचा नवरा जिवंत असून जातीच्या दृष्टीने मेल्यासारखा झाला होता, जिला सौभाग्य आहे की नाही याचे उत्तर शेजारणींना देता येत नव्हते, तिने माहेरच्या माणसांच्या आश्रयाने वर्षांमागून वर्षे काढली. त्यानंतर ती नवऱ्याकडे आली तीदेखील आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा राखून. आणि १९०० साली जेव्हा तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तो तिचा आपला निर्णय होता, आपल्या गतीने, आपल्या अनुभवाने झालेला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी असे वाटते की धर्मत्यागाच्या प्रश्नावरील मराठीतला सर्वांत विश्वसनीय ग्रंथ हा आहे, कारण त्यात सिद्धान्त नाही; पाण्याच्या घागरीला कोणी शिवले तर काय वाटते, आणि ते वाटणे एके दिवशी कसे नाहीसे होते, हे त्यात आहे. बाबा पदमनजींनीही ‘अरुणोदया’त आपल्या धर्मांतराची हकीकत प्रामाणिकपणे सांगितली, पण ती निघालेल्याची हकीकत आहे. मागे राहिलेल्याची हकीकत लक्ष्मीबाईंनी सांगितली.

ख्रिस्ती झालेल्याला निदान मिशनचे आवार, शाळेतली नोकरी आणि रविवारची प्रार्थना मिळत असे. गोपाळ गणेश आगरकरांना तेही नव्हते. मिल आणि स्पेन्सर वाचून जो अज्ञेयवाद त्यांच्या बुद्धीत स्थिरावला, त्याला पुण्यात ना देऊळ होते ना दफनभूमी; १८८८ पासून ‘सुधारक’ चालवणाऱ्या या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, आणि आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी उशाशी बांधून ठेवले होते, असे सांगतात. १८९५ च्या जून महिन्यात, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. ज्या मनुष्याला मरणोत्तर गतीविषयी काही वाटत नव्हते, त्यालाही आपल्या मागे कोणाला हात पसरावा लागू नये याची काळजी वाटत होती. एकाकी धर्मत्यागाची सगळी अवस्था त्या पुरचुंडीत बांधलेली आहे.

आगरकरांच्या आधी जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाती घेतला होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने निर्मिकाला नाकारले नाही, परंतु मध्यस्थाला नाकारले, आणि नाकारून स्वस्थ न बसता भटजीवाचून लग्न कसे लावावे हे करून दाखवले. त्यावर ओतूरच्या जोशांनी आपल्या दक्षिणेच्या वतनी हक्कासाठी न्यायालय गाठले. म्हणजे ज्याला बोलावले नाही त्याचेही देणे द्यावे की काय, हा मुद्दा कायद्यापुढे आला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा दत्तकपुत्राच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून अंत्यसंस्कार केले. त्या काळच्या पुण्यात एका स्त्रीने प्रेतापुढे चालणे म्हणजे काय, हे सांगायला नको. भोरच्या खोऱ्याचा या परंपरेशी धागा आहे: कारीच्या कान्होजी जेध्यांच्या कुळातले मानले जाणारे केशवराव जेधे हे विसाव्या शतकात पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीचे धुरीण झाले. मात्र खेड्यात या चळवळीचा जो अंश उरला तो भटजीविषयीच्या रागाचा. विधींचा पर्याय हळूहळू विसरला गेला, आणि आज त्याच घरांत लग्न-वास्तुशांतीला पूर्वीपेक्षा मोठा थाट दिसतो. पर्यायी विधी सांभाळायला कोणी नेमलेले माणूस नसले की असेच होणार.

ज्यांनी हे सांभाळले त्यांची कथा वरंध घाटाच्या पलीकडे सुरू होते. भोरहून घाट उतरला की महाड. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तळे बाटले म्हणून पंचगव्याने ते शुद्ध करण्यात आले, आणि गावोगाव अस्पृश्यांवर बहिष्काराचे अस्त्र निघाले. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांना कित्येक जण विलंब म्हणतात, मला ती तयारी वाटते. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईला महार परिषद भरवून त्यांनी धर्मांतराचा सर्व बाजूंनी विचार लोकांपुढे मांडला, १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा काढली, आणि दीक्षेच्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत जुने देव, अवतारकल्पना, श्राद्ध, पिंडदान आणि ब्राह्मणाकडून करून घेतलेले विधी एकेक करून बाजूला ठेवले. नुसता ‘मी मानीत नाही’ एवढा उद्गार पुरत नाही, तर काय काय करणार नाही आणि त्याऐवजी काय करणार याची स्पष्ट यादी अशिक्षित माणसाच्याही हाती पाहिजे, हे त्यांच्याइतके नेमके कोणी ओळखले नव्हते. ६ डिसेंबरला ते गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी भदंत आनंद कौसल्यायनांनी शोकाकुल जनसमुदायाला दीक्षा दिली, आणि पित्याच्या चितेपाशीच लक्षावधींनी वडिलार्जित देव सोडले. १९५१ च्या जनगणनेत सबंध भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ मध्ये एकट्या महाराष्ट्रात ती २७ लाखांवर गेली, आणि २०११ मध्ये ती ६५ लाखांच्या पुढे होती.

आकडे मोठे असले तरी प्रत्येक वस्तीत ही गोष्ट एकेका घरात घडली आहे, आणि त्या घरांतल्या दोन भयांचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा खरा होणार नाही. पहिले भय गावाचे. वेसकरकी, तराळकी, मेलेले ढोर ओढणे, जत्रेत पोतराजाने अंगावर कोरडे ओढून घेणे, मरीआईचा गाडा हाकणे, हे सर्व गावगाड्यातले काम होते आणि त्या कामावरच बलुते, वतनाची जमीन आणि सुगीच्या पेंढ्या अवलंबून होत्या. देव सोडला की काम सुटले, काम सुटले की गावाने बलुते थांबवले, गुरांची वाट अडवली, मजुरीला बोलावणे बंद केले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि सक्ती संपली, पण त्याबरोबर वतनाचा आधारही गेला; जे मुंबईला गेले ते तगले. दुसरे भय स्वतःच्या उंबऱ्याच्या आतले होते, आणि ते बायकांना अधिक छळीत असे. देव्हाऱ्यातले टाक पुरुषांनी नदीत सोडले. पुढच्या पावसाळ्यात पोराला ताप आला म्हणजे आजी अंधारात काय पुटपुटत असेल ते तिलाच ठाऊक. शेजारच्या पुरंदर तालुक्यात वीरगावला जन्मलेल्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात अंगात येणे, नवस, आषाढातले बळी यांनी बांधलेले ते जुने जग आतून दाखवले आहे. ते वाचल्यावर त्या जगातून बाहेर पडलेल्या बाईचे धैर्य सभेत हात वर करणाऱ्या पुरुषापेक्षा मोठे होते, याविषयी मला संदेह राहिला नाही. दैवी कोपाचे भय बुद्धीला पटवून जात नाही. कोप झाला नाही असे एक, दोन, दहा पावसाळे गेल्यावर ते जाते, आणि तोवर शेजारी तसेच भय सोसणारी दहा घरे असावी लागतात. वस्तीतला विहार, बुद्धपौर्णिमा, चौदा एप्रिलची मिरवणूक, वंदना म्हणणारा तरुण आणि पंचशील घेऊन लागणारी लग्ने यांनी ती दहा घरे एकत्र ठेवली.

कागदाने मात्र या माणसांना बराच काळ दोन आयुष्ये जगायला लावली. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश फक्त हिंदूंना, आणि १९५६ पासून शिखांनाही, लागू होता. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत घरात बुद्धाची तसबीर आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ हा रकाना, अशी दुहेरी राहणी कित्येकांना पत्करावी लागली. पोराचे भवितव्य आणि स्वतःची प्रतिज्ञा यांत निवड करायला लावणारी ती व्यवस्था अन्यायाची होती असे मी निःसंकोच म्हणतो. आणि तिच्या ओझ्याखाली ज्यांनी जुना रकाना कायम ठेवला त्यांना कोणी बोल लावू नये.

मुसलमान समाजातून हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या थोडी आणि त्यांची वाट अधिक खडतर. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले आणि नाव घेताना जोतीरावांचे ऋण मान्य केले. ३ मे १९७७ रोजी ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधीवाचून त्यांच्या देहाचे दहन झाले. इच्छा त्यांची होती, परंतु नातलगांच्या नजरा, समाजाचा रोष आणि मागे राहिलेले आयुष्य मेहरुन्निसा दलवाई यांच्या वाट्याला आले, आणि त्यांनी ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनात ते कडवटपणा न ठेवता सांगितले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचे नाव हमीद ठेवले, त्यामागे दलवाईंविषयीचा आदर होता. त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची शिस्त अशी की देव मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, शोषण मात्र चालू द्यायचे नाही. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, आणि डोंगरातल्या गावांत आपले मन उघड करू पाहणाऱ्या तरुणाच्या आईबापांनी ती बातमी कशी ऐकली असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आजचा भोर-वेल्ह्यातला धर्मत्यागी मनुष्य बहुधा असाच एकटा असतो. पुण्याच्या महाविद्यालयात किंवा कारखान्यात गेलेला, वाचलेला, कोणत्याही दुसऱ्या धर्मात न जाणारा, फक्त मनातून बाहेर पडलेला. कायद्याने तो बाहेर पडलेलाच नसतो. हिंदू विवाहाच्या आणि वारशाच्या कायद्यांत मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेला मनुष्य हिंदूंच्या व्यवस्थेत धरला जातो, त्यामुळे दुसरीकडे गेलेल्याला परिणाम भोगावे लागतात आणि कोठेच न गेलेल्याची नोंदच होत नाही. परधर्मात गेलेल्याच्या जोडीदाराला त्या कारणावर घटस्फोट मागता येतो, आणि धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातलगांच्या वारशात वाटा मिळत नाही. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणीने लग्न करायचे तर आपण अमुक अमुक धर्माचे नाही असे निवेदन करावे लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली, परंतु तीस दिवसांची जाहीर नोटीस ठेवली, आणि त्या तीस दिवसांत घरच्या माणसांना काय काय करता येते हे पळून गेलेल्या जोडप्यांना विचारावे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारी अर्जावर धर्म सांगण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातच आहे, असा निर्णय दिला. त्याआधीच्या २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २९ लाख लोकांनी धर्म सांगितलेला नाही असे दिसते. शाळेत पोराचे नाव घालताना तो रकाना रिकामा ठेवणारा बाप हे सर्व जाणून असला, तरी घरी गेल्यावर त्याला आपल्या आईला उत्तर द्यायचे असते.

आईला उत्तर देणे हीच खरी कठीण गोष्ट. या खोऱ्यांत पुष्कळ घरांत माळकरी आहेत. आषाढी-कार्तिकीची वारी, एकादशी आणि मांस-मद्याचा त्याग ही त्यांच्या जीवनाची शिस्त आहे, आणि ती पाहत वाढलेल्याला तिच्याविषयी आदर असतो. परंतु मुलाने माळ काढली की पहिला संशय त्याच्या बुद्धीविषयी येत नाही, त्याच्या चारित्र्याविषयी येतो. पोरगा पिऊ लागला काय, कोणाच्या नादी लागला काय, अशी पृच्छा होते. कारण सदाचाराला धर्माखेरीज दुसरा जामीन असू शकतो, हे त्या घराने कधी पाहिलेले नसते. तो मुलगा मग वर्षानुवर्षे दुप्पट चांगला वागून आपली निर्दोषता सिद्ध करीत राहतो. स्त्रीची स्थिती याहून बिकट: तिने कुंकू किंवा मंगळसूत्र टाळले, नवरात्रात ओटी भरायला गेली नाही, मांढरदेवीच्या काळूबाईला जायला नकार दिला, तर तिने नवऱ्याचे आणि घराचे अनिष्ट चिंतले असा अर्थ होतो. पुरुषाच्या नास्तिक्याला लोक विक्षिप्तपणा म्हणून सोडून देतील. बाईच्या नास्तिक्यापायी मात्र घरातल्या प्रत्येक आजाराचा जाब तिला विचारला जाईल.

आणि मग कोणाचा तरी मृत्यू येतो. या तालुक्यांत दहावा हा सार्वजनिक प्रसंग आहे: नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी पंचक्रोशी जमते, प्रवचन होते, पुढारी श्रद्धांजली वाहतात, आणि सर्वांच्या नजरा पिंडाला कावळा कधी शिवतो याकडे लागतात. केस उतरवायला न बसलेल्या मुलाला तेथे वादविवादाची सोय नसते. बापावर त्याचे प्रेम नव्हते, एवढाच निष्कर्ष निघतो, आणि नेमक्या त्याच घटकेला त्याचे दुःख इतरांपेक्षा तसूभरही कमी नसते. श्रद्धा सोडलेल्या माणसाला शोक करायला विधीच उरत नाही, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत जड अवस्था असे मला वाटते. काही कुटुंबे आता राख शेतात घालून झाड लावतात, दहाव्याच्या खर्चातून शाळेला पुस्तके देतात, शोकसभेत माणसे मृताच्या आठवणी सांगतात. हे प्रकार थोडे आहेत, पण तेच पुढचे विधी होतील, कारण त्यांत भावकीला येऊन बसायला जागा आहे.

भावकीला जागा हवी आणि एकट्यालाही संरक्षण हवे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. कोणाला स्मशान, पाणी, सण-समारंभ किंवा व्यवहार यांतून गटाने वगळले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा जरूर वापरावा, परंतु फौजदाराच्या भयाने इर्जिकीला आलेला शेजारी मनापासून रोप लावीत नाही. त्यामुळे मला कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे उदाहरण अधिक आशादायक वाटते: २०२२ च्या मे महिन्यात त्या गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. तो ठराव नास्तिकांनी केलेला नव्हता. देव मानणाऱ्या गावाने, देव न सोडता, एका माणसावरचे ओझे सर्वांनी मिळून उतरवले. जत्रेची वर्गणी ऐच्छिक राहील आणि ती न देणाऱ्याच्या मयताला, लग्नाला व आवणीला गाव येईल, एवढा ठराव आपल्या खोऱ्यांतील ग्रामसभांना अशक्य का असावा?

एक बाब अद्याप ग्रामसभेच्या आणि कायद्याच्याही आवाक्याबाहेर आहे. धर्म सोडलेले पुष्कळ लोक आता देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. परंतु मरणानंतर देह वारसांनीच काही तासांत वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवावा लागतो, आणि वारसांनी नकार दिला तर मृताची इच्छा कागदावर राहते. भोरहून पुणे पन्नास-साठ किलोमीटर, आणि पानशेतच्या किंवा नीरा-देवघरच्या मागच्या वाड्यांतून, भर पावसात, रस्ता खचलेला असताना, रात्री तिरडी न बांधता गाडी बोलावायची, तर ज्याला ती बोलवायची आहे त्या मुलाला आपल्या आईची, बहिणींची आणि चुलत्यांची संमती त्याच घटकेला मिळवावी लागते. ज्यांना असा शेवट हवा असेल त्यांनी अर्जाबरोबरच हयातीत घरातल्या बायकांशी आणि भावकीतल्या वडीलधाऱ्यांशी सविस्तर बोलून ठेवावे, आणि त्यांचा नकार आला तर तोही ऐकून घ्यावा. कारण जिथे हे बोलणे झालेले नसते, तिथे काय करायचे ते अंगणात जमलेली माणसे ठरवतात, आणि ती आपल्याला ठाऊक असलेल्या रीतीनेच ठरवतात.